चालतंय म्हणाले

शिव्या देता न येणाऱ्या माणसाशी संसार करणं किती जड जातं, हे वहिनींना विचारावं. मालाची व्हॅन उलटी येत फुटपाथवर चढली आणि त्यांच्या नवऱ्याचा पाय चाकाखाली आला, तेव्हा हा माणूस आपल्या पायाचं काय झालंय ते बघायचं सोडून रडकुंडीला आलेल्या ड्रायव्हरला धीर देत होता. "चालायचंच," म्हणत होता, "तू घाबरू नकोस." ज्यांनी हे पाहिलं त्यांनी वहिनींना पुढे मोठ्या कौतुकानं सांगितलं. वहिनींना त्यात कौतुकासारखं काही दिसलं नाही. त्यांनी त्या ड्रायव्हरला मनातल्या मनात जे ऐकवायचं ते ऐकवलं, आणि नवऱ्याच्या वाटणीचंही ऐकवलं.

नवरा सलूनमध्ये केस कापायचा. तिथली पोरं त्यांना दादा म्हणायची, म्हणून या आपोआप सगळ्या गल्लीच्या वहिनी झाल्या. सलून दुसऱ्याचं, पण खिडकीजवळची खुर्ची दादांची. तिथं गिऱ्हाइकाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा अलिखित नियम होता. केस कापून झाले की दादा मागून आरसा धरायचे आणि विचारायचे, "चालेल?" गिऱ्हाईक मान हलवायचं, "चालेल." दिवसभर तोच शब्द जिभेवर, मग तो घरी आल्यावर कुठला सुटतोय? भाजी खारट झाली, चालतंय. मालकानं पगार लांबवला, चालतंय. सासूबाई दोन दिवसांच्या बोलीवर आल्या आणि महिनाभर हलल्या नाहीत, तरी चालतंय. वहिनी पडदे शिवणाऱ्या दुकानात कामाला होत्या, तिथं गिऱ्हाइकाशी बोटभर मापावरून भांडायची सवय. घरी येऊन भांडायला कुणी मिळत नसे, याची त्यांना खंत होती.

तर तो पाय. गुडघ्याखालची हाडं मोडली, वाटी फुटली, आत सळई घातली. हाडं जुळली, पण गुडघा पुरता वाकेना, आणि थोडा वेळ उभं राहिलं की पाय सुजून टम्म व्हायचा. केस कापणाऱ्यानं उभं राहायचं नाही तर काय करायचं? गिऱ्हाइकाभोवती फिरत फिरतच तो धंदा होतो. सलूनमालक दोनदा भेटायला आला. खुर्ची तुमचीच आहे, तात्पुरता एक मुलगा बसवलाय, असं तो म्हणाला, पण म्हणताना भिंतीकडे बघत होता.

व्हॅन ज्या कंपनीची होती तिचा विमा होता. चूक व्हॅनच्या ड्रायव्हरची, हे विमा कंपनीनं पहिल्याच पत्रात कबूल करून टाकलं. वहिनींना वाटलं, सुटलो. त्यांना काय ठाऊक, की चूक कबूल करायला काहीच लागत नाही; खरी ओढाताण किती लागलं यावरून असते. पत्रात लिहिलं होतं की कोर्टाची पायरी चढायची गरज नाही, आपसात मूल्यमापन करून निकाल लावू. मूल्यमापन शाळेत पोरांचं होतं एवढंच वहिनींना माहीत होतं. माणसाच्या पायाचंही करतात हे त्यांना तेव्हा कळलं.

घरात कायदा कळणारा म्हणजे धाकटा दीर. तो कुठल्याशा ऑफिसात कागद पुढे सरकवायचा, त्यामुळे घरात त्याचा शब्द वकिलाच्या शब्दाइतका वजनदार. त्यानं समजावून सांगितलं, की दवाखान्याचा खर्च पावत्यांवरून मिळतो, बुडालेला पगार मालकाच्या दाखल्यावरून मिळतो, सोसलेल्या दुखण्याचं काहीतरी ठरलेलं देतात. खरा जीव आहे तो शेवटच्या मुद्द्यात. कामाला आलेला कायमचा उणेपणा. तो धरला, तर दादांना स्वतःचं लहानसं सलून टाकता येईल, दोन कारागीर ठेवून स्वतः गल्ल्यावर बसता येईल. तो धरला नाही, तर दादांचा धंदा संपला. आणि तो धरायचा की नाही हे कोर्टातला जज्ज ठरवणार नव्हता, विमा कंपनीच्या टेबलामागचा माणूस ठरवणार होता.

त्या माणसाचं पत्र आलं. पावत्यांचे पैसे होते, पगाराचे होते, दुखण्याचेही थोडे हातावर ठेवले होते. शेवटच्या मुद्द्यापुढे लिहिलं होतं, 'लागू नाही. दावेदार चालू लागले असून त्यांचं काम सुरू आहे.'

वहिनींनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं. तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते त्यांना त्या दिवशी कळलं. समोर दादा पलंगावर पाय उशीवर टाकून बसले होते. कुठलं काम सुरू आहे, असं वहिनींनी त्यांनाच विचारलं, जणू त्यांनीच चोरून कुठे नोकरी धरली होती.

"सोड ना," दादा म्हणाले. "देतायत तेवढं चालतंय."

धाकट्या दिरानंही तोच सूर लावला. घ्या आणि मोकळे व्हा, भांडत बसलात तर चपला झिजतील. मात्र एकदा सही केली की पाय उद्या गळून पडला तरी पुन्हा काही मागता येणार नाही, हेही त्यानं वर सांगितलं. असली वाक्यं लोक एका दमात कशी बोलू शकतात, याचं वहिनींना नवल वाटलं. सही करायची नाही, आधी त्या माणसाचं तोंड बघायचं, असं त्यांनी जाहीर केलं. दिरानं मग जाता जाता एक सल्ला दिला. तिथं यांच्या त्रासाबद्दल जे जे विचारतील त्याला हो म्हणायचं, घरच्या माणसाची साक्ष धरतात.

जायच्या दिवशी वहिनी कुलूप लावून खाली उतरल्या, तेव्हा दादा आधीच खाली जाऊन थांबले होते. ऑफिस उंच इमारतीत होतं, दोघं लिफ्टनं वर गेले. दादा काठी टेकत, पाय बाजूनं फेकत चालत होते. काचेचा दरवाजा, आत गारठा, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. चित्रातल्या कुणाचंही काही मोडलेलं नव्हतं.

टेबलामागचा माणूस दिसायला वाईट नव्हता, हीच तर चीड आणणारी गोष्ट. नखं स्वच्छ, आवाज मऊ. त्यानं उठून दादांना खुर्ची दिली, दोघांना पाणी दिलं आणि मग टक्क्यांत बोलायला सुरुवात केली. अख्खा पाय गेला तर इतके टक्के, गुडघ्यापासून गेला तर इतके, गुडघा नुसता आखडला तर त्यातले इतके, आणि आखडूनही माणूस हिंडता-फिरता असेल तर त्यातूनही वजा. खाटकाच्या दुकानात तुकडे सांगतात तसं ते वहिनींना ऐकू येत होतं. त्यांनी तिथल्या तिथं त्याचं टक्केसाहेब असं नाव ठेवून टाकलं.

हे हिंडते-फिरते आहेत असं तुम्हाला कुणी सांगितलं, असं वहिनींनी विचारलं.

"त्यांनी स्वतः," टक्केसाहेब म्हणाले.

वहिनींनी दादांकडे पाहिलं. दादांनी बुटांकडे पाहिलं. टक्केसाहेबांनी खुलासा केला. कंपनी दावेदाराला मधूनमधून फोन करून प्रकृतीची चौकशी करते, त्याची नोंद होते आणि बोलणं रेकॉर्ड होतं. आम्ही मनानं काही लिहीत नाही, असं सांगताना त्यांचा आवाज थोडा दुखावल्यासारखा झाला. मग त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि त्या गार खोलीत दादांचा आवाज आला. आधी एका मुलीचा, घाईतला, गोड.

"कसं आहे आता, सर?"

"चालतंय."

"दुखतं का अजून?"

"चालायचंच."

"आणि कामाचं?"

"चाललंय आपलं."

थँक्यू सर, म्हणून मुलीनं फोन ठेवला. वहिनींना वाटलं, पुढे अजून काहीतरी असेल. पुढे काही नव्हतं. टक्केसाहेबांनी फाइल त्यांच्यासमोर फिरवली. मुलीनं तिच्या कामाप्रमाणे भराभर टिपून ठेवलं होतं, 'चालतंय म्हणाले. चालायचंच म्हणाले. चाललंय म्हणाले.' ते टिपण पुढच्या टेबलावर गेलं होतं आणि तिथल्या कुणा शहाण्यानं ते नीटनेटकं केलं होतं. 'चालतात. चालण्याचा निश्चय आहे. काम चालू आहे.'

वहिनींना आधी हसू फुटलं. खरंच फुटलं, तोंडावर हात धरावा लागला. एका माणसाचा धंदा, त्याची खुर्ची, त्याचं उरलेलं आयुष्य, आणि ते सगळं या तीन शब्दांवर उडवून लावलं होतं. ज्या भाषेत पोर रांगायच्या आधी हे शब्द शिकतं, त्या भाषेत जन्मलेल्या माणसांनी. मग हसू गेलं आणि त्या टेबलावर पुढे झुकल्या.

"साहेब, तुम्हाला रस्त्यात कुणी विचारलं, काय कसं काय, तर तुम्ही काय सांगता?"

"मी काय सांगतो त्याचा इथं संबंध नाही," टक्केसाहेब म्हणाले. "मी दावा केलेला नाही."

वहिनी म्हणाल्या की चालतंय म्हणजे चालतंय नव्हे, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही कळतं. टक्केसाहेब म्हणाले की कळणं वेगळं आणि नोंद वेगळी. डॉक्टरच्या दाखल्यात गुडघा वाकत नाही असं लिहिलंय, ते त्यांना मान्य होतं. पण न वाकणाऱ्या गुडघ्याची माणसंही कामं करतात, तेव्हा माणूस स्वतः काय सांगतो ते बघावं लागतं, आणि या माणसानं एकदाही तक्रार केलेली नाही. ज्यांना त्रास असतो ते फोनवर अर्धा अर्धा तास बोलतात, असं ते म्हणाले. म्हणजे गळा काढणाऱ्याला भरपाई आणि सोसणाऱ्याला ठेंगा, असा तुमचा हिशेब आहे का, असं वहिनींनी विचारलं. त्यावर टक्केसाहेबांनी त्यांच्याकडे न बघता खुर्ची दादांच्या बाजूला वळवली.

"आज ते समोरच आहेत. त्यांनीच सांगावं. तुम्ही मध्ये बोलू नका," ते म्हणाले. "सांगा, कसं आहे तुमचं?"

वहिनींनी पर्स मांडीवर घट्ट धरली. नवरा त्यांना पुरता ठाऊक होता. खोली परकी, समोर सभ्य माणूस, त्यानं पाणी दिलेलं, खुर्ची दिलेली. आता हा भला माणूस त्याचं मन मोडायला नको म्हणून चालतंय म्हणणार आणि सगळ्यावर पाणी पडणार. त्यांना टेबलाखालून दादांच्या चांगल्या पायावर पाय द्यावासा वाटला. पण टेबल काचेचं होतं.

"तसं काही..." दादांनी सुरुवात केली आणि थांबले. मग दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगावी तसे बोलायला लागले.

"ही कामाला गेली की मी खाली जातो. उतरताना गुडघा धरत नाही, मग बसून उतरतो. एका पायरीवर बसायचं, हात टेकायचे, खालच्या पायरीवर घसरायचं. जिन्यात कुणी नसेल तेव्हा. कुणी आलं तर बुटाची नाडी बांधतोय असं करतो." त्यांनी काठीची मूठ चाचपली. "हिला सांगतो, सलूनमध्ये गप्पा मारायला जातो. जात नाही. एकदाच कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. माझ्या खुर्चीवर तो मुलगा काम करत होता. चांगला हात आहे त्याचा. मग परत आलो. आता खालच्या पायरीवरच बसून असतो. ही यायच्या आधी वर जातो. वर जायला फार वेळ लागतो, म्हणून लवकर निघावं लागतं."

वहिनींच्या डोळ्यांसमोर दादांची राखाडी पँट आली. तिची बैठक झिजली म्हणून त्यांनी आतून ठिगळ लावलं होतं, आणि ते झिजलं तेव्हा परत लावलं होतं. लावताना पुटपुटल्या होत्या, की दिवसभर सलूनच्या बाकड्यावर बसून लोकांची कापडं फाटतात. जन्मभर कापड हाताळणाऱ्या बाईला कापड लाकडावर झिजलंय की दगडावर हे कळलं नव्हतं. कळून घ्यायचंच नसेल, असं त्यांना वाटलं, आणि त्या विचारानं त्यांचे कान गरम झाले.

टक्केसाहेबांनी पेन उघडलं होतं पण लिहिलं काही नव्हतं. ते वहिनींकडे वळले.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

हो म्हणायचं होतं. दिरानं पढवून ठेवलं होतं, आणि न पढवताही वहिनींना कळत होतं की आता एक हो हवा. घरची बाई सांगते म्हणजे रोजचं आहे, खरं आहे, शेवटच्या मुद्द्यात बसणारं आहे. नाही म्हटलं तर काय लिहिलं जाईल, हेही त्यांना दिसत होतं. शेजारी दादा बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपलं दुखणं कुणापुढे बोलून दाखवलं होतं, आणि लगेच त्यावर खोटं चढवणं वहिनींना जमेना.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं."

"म्हणजे सोबत राहणाऱ्या व्यक्तीलाही त्रास जाणवलेला नाही," असं हळूच म्हणत टक्केसाहेबांनी पेन कागदाला लावलं.

वहिनींनी त्या कागदावर हात ठेवला. सगळा पंजा, पसरून. टक्केसाहेबांना पेन उचलावं लागलं.

"लिहा, पण पूर्ण लिहा," वहिनी म्हणाल्या. "मी रोज घरी आले की विचारायचे, कसा गेला दिवस. हे म्हणायचे चालतंय. आणि मी भाजी चिरायला घ्यायचे, कारण मला तेच ऐकायचं होतं. मला दुसऱ्या दिवशी कामाला जायचं असायचं. तुमच्या त्या पोरीला पुढचा फोन लावायचा होता, तुम्हाला फाइल बंद करायची होती. त्रास होता की नव्हता हे आमच्यापैकी कुणी बघितलंच नाही, असं लिहा. आणि त्यात माझं नाव पहिलं घाला. मी तर एका घरात राहते."

आवाज चढला नव्हता, तरी बाहेरच्या टेबलांवरची माणसं काचेतून बघायला लागली होती. टक्केसाहेबांनी टोपण पेनाला लावलं, काढलं, परत लावलं. असं काही लिहायला आमच्याकडे जागा नाही, असं ते म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज मऊ राहिला नव्हता. मग त्यांनी जरा विचार करून सांगितलं की फार तर फेरतपासणी मागता येईल. दुसरा डॉक्टर बघेल, जिना चढायला-उतरायला लावेल, उभं करून ठेवेल. त्यात काय निघेल याचा शब्द ते देऊ शकत नव्हते. वेळ लागेल. शिवाय तोवर आत्ता देऊ केलेले पैसेही थांबतील. नाहीतर आज सही करा, पैसे लगेच. त्यांनी सहीचा कागद टेबलावर मधोमध ठेवला, न वहिनींच्या पुढे, न दादांच्या.

घरात पैसे संपत आले होते. तरी 'नाही' हा शब्द वहिनींच्या तोंडावर आला होता, तेवढ्यात त्यांना आठवलं की पाय आपला नाही. त्या दादांकडे वळल्या.

"तुम्ही सांगा. करायची सही?"

दादांनी कागदाकडे पाहिलं, मग टक्केसाहेबांकडे. सवयीनं मान हलायला लागली होती, ती त्यांनी थांबवली.

"नको," ते म्हणाले.

टक्केसाहेबांनी फेरतपासणीचा अर्ज काढून दिला, दादांनी त्यावर सही केली आणि दोघं बाहेर आले. जेवणाची सुट्टी झाली होती. लिफ्टच्या दारावर दुरुस्तीची पाटी लावून दोन माणसं आत काहीतरी ठोकत होती. किती वेळ लागेल विचारलं, तर त्यातला एक म्हणाला, बघू. मोडलेल्या पायांची किंमत ठरवणाऱ्या ऑफिसात लिफ्ट एकच कशी असते, असं वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, पण ते ऐकायला तिथं कुणी साहेब नव्हता.

दादा जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. खालून माणसं येत होती, वरून उतरत होती, हातात डबे, बाटल्या, फोन. त्यांनी कठडा धरला, चांगला पाय पुढे टाकला, मोडका पाय मागे लटपटला, आणि ते परत जागेवर आले. गर्दी ओसरेपर्यंत थांबू, असं ते म्हणाले. वहिनींना कळलं की ते गर्दीसाठी थांबत नाहीयेत.

"बसा," त्या म्हणाल्या. "घरी उतरता तसं उतरा. मला बघू दे."

दादांनी आजूबाजूला पाहिलं. मग काठी वहिनींच्या हातात दिली आणि वरच्या पायरीवर बसले. दोन्ही हात टेकले, आखडलेला पाय सरळ पुढे धरला आणि खालच्या पायरीवर घसरले. कोणीतरी दचकून बाजूला झालं. वर येणारा एक तरुण, गळ्यात त्याच कंपनीचं ओळखपत्र, थांबून वाकला आणि बरं वाटत नाहीये का, असं विचारू लागला. दादांचा चेहरा कसनुसा झाला. हात नकळत बुटाच्या नाडीकडे गेला, ओठ हलले, आणि तो शब्द आता येणार हे वहिनींनी ओळखलं.

त्या काठी घेऊन नवऱ्याच्या पुढे दोन पायऱ्या उतरल्या आणि जिना अडवून उभ्या राहिल्या.

"बाजूला व्हा," त्या म्हणाल्या. "यांना चालता येत नाही."

माणसं भिंतीला लागली. दादांनी नाडीवरचा हात काढला, पायरीवर टेकला आणि पुढच्या पायरीवर घसरले.